फोनला भीड नसती

आमच्या जामखेडकडं दर तिसऱ्या घरात एक कानिफनाथ हाय. नाथाला नवस बोलायचा अन् पोरगं झालं की त्याचंच नाव ठेवायचं, ही इकडची रीतच. हे शेंबड्या पोराला ठावं हाय, पन आमच्या ओंकारला न्हाई. नगरला सावेडीत फ्लॅट घेतल्यापासून माझा ह्यो भाचा लईच शहाना झालाय. त्याचा बाप, माझा भाऊ, गेला तवापासून घरात त्याचाच शबुद चालतो.

त्याच्या भनीला, रुपालीला, कानिफनाथचं स्थळ आलं. दोघं एकाच शाळेत शिकवायची, पोरीच्या मनात हुतं. मी म्हनलं, त्याच्या गावाला जाऊ, चार घरी पानी पिऊ, आपसूक कळंल. ओंकार म्हनला, गावात सगळी भावकी, खरं कोन सांगतंय? फोनला कुनाची भीड नसती. अन् नाव-आडनाव टाकून विचारलं की त्यानं फोनमधल्या त्या एआयला. फोन म्हनला, ह्याच्यावर मारहानीची केस हाय.

रुपाली रडून सांगत हुती, त्यो तसला न्हाई, मी रोज बघतीय त्याला.

"तुजं मन बसलंय त्याच्यावर," ओंकार म्हनला. "तुजं कसं खरं धरायचं?"

स्थळ मोडलं. मग रविराजचं आलं. फोन म्हनला, निर्व्यसनी, समाजसेवक, तरुणांचा आधार. लगीन लावून दिलं. कानिफनाथनं बी दुसरीकडं संसार मांडला.

परवा रुपाली एकटीच माघारी आली. हाताला पलिस्तर. रविराजनं दारूच्या नशेत पिरगाळलेला. ओंकारनं त्याला फोन लावला, तर जिन्यावरून पडली म्हनं. ओंकार एकदा भनीकडं बघतोय, एकदा फोनकडं.

माझं डोकंच फिरलं. म्हनलं, मुडद्या, ह्या तुझ्या फोनला त्या दोघांचं सांगितलं कुनी, ते तर बघ एकदा. तवा कुठं त्यानं उत्तराखालच्या बातम्या उघडल्या. केसवाला कानिफनाथ पन्नाशीचा, गाव बी निराळं, नाव-आडनाव तेवढं एक. अन् रविराजची समदी तारीफ त्याच्याच वाढदिसाच्या बातम्यांतली, त्यानंच लिहून धाडलेली.

ओंकारनं फोन पालथा ठिवला. जळली मेली ती अक्कल, आता काय कामाची?

रुपालीनं मोडका हात मांडीवर घेतला.

"दादा, आता तर माजं मन बी न्हाई त्याच्यावर," ती म्हनली. "आता तरी माजं खरं धरशील का?"