सरळ केलेली डहाळी

डिंकोबाच्या थोरल्या मुलीला जुळी झाली, त्या वर्षाची ही गोष्ट. दोन्ही मुलीच, आणि दोघी इतक्या सारख्या की एकीला दोनदा पाजून दुसरीला उपाशी ठेवलं की काय, असा आईलाच संशय यायचा. म्हणून आजीने एकीच्या पायात दोरा बांधला. डिंकोबाचे थोरले भाऊ, म्हणजे दादा, बाळं बघायला आले, पाळण्याशी क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, "सोडा तो दोरा. हिच्या कानाची पाळी गालाला चिकटलेली आहे, तिची सुटी आहे. देवाने डोळे काय नुसते मिटायला दिलेत?"

दादांची नजरच तशी होती. वनस्पतींच्या संग्रहालयासाठी रानातून झाडं गोळा करून आणायचं काम त्यांनी चाळीस वर्षं केलं. शाळा चौथीपर्यंत, पण मोठेमोठे शिकलेले लोक त्यांना विचारल्याशिवाय कागदावर शिक्का मारत नसत. डिंकोबा त्याच संग्रहालयात वरच्या मजल्यावर चिकटवणारा होता. त्याचं खरं नाव हजेरीपुस्तकाबाहेर कुठे उरलं नव्हतं. काचेवर डिंकाचा पातळ थर पसरायचा, त्यावर वाळलेलं झाड अलगद टेकवायचं, उचलून जाड पांढऱ्या कागदावर ठेवायचं आणि वर वाळूच्या पिशव्या मांडायच्या. हात जरा हलला की पान दुमडलंच. डिंकोबाचं पान मात्र कधी दुमडत नसे. त्याने केलेला कागद पाहून बाहेरून आलेले पाहुणे म्हणत, "हे तर अजून जमिनीत उभं आहे." तेवढं ऐकलं की त्याला आठवडाभर पुरायचं.

दादांना खूळ एकच, भुईआवळ्याच्या कुळाचं. वाटेच्या कडेला, पायरीच्या फटीत, कुंडीत न लावता उगवणारं ते वीतभर रोप कुणी वाकून पाहत नाही. पण त्याचा गोतावळा केवढा! आंबट फळांचा आवळा त्याचा सख्खा, काळ्या मण्यांसारखी फळं धरणारी झुडपं चुलत, एक भाऊबंद पाण्यावर तरंगतो, आणि एकाला पानंच नाहीत, हिरव्या चपट्या फांद्यांच्या कडेलाच फुलं येतात. संग्रहालयात या कुळाची चार कपाटं होती आणि त्यातलं निम्मं दादांनी पाठीवरून वाहून आणलेलं. "वरून पाहाल तर सगळी एकाच साच्यातली," ते म्हणायचे. "यांची कुंडली पानाखाली असते. फूल टाचणीच्या डोक्याएवढं, आणि तेही खाली तोंड करून. वाकल्याशिवाय कळत नाहीत ही माणसं." झाडांना ते माणसंच म्हणत.

त्या वर्षी एका खडकाळ उतारावरून त्यांनी एक रोप आणलं. उताराच्या पायथ्याशी खाणीची यंत्रं येऊन उभी राहिली होती. वर नऊ रोपं होती, त्यातलं दादांनी एकच उपटलं. बाकीच्यांनी बी धरावं म्हणून. मादीफुलाच्या बुडाशी बारीक दातांची तांबडी कड होती, तशी या कुळात त्यांनी कुठेच पाहिली नव्हती. रानातून आले ते छाती धरूनच. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थकलंय, आता अंथरूण सोडायचं नाही.

संग्रहालय सांभाळणाऱ्या मॅडम घरी येऊन गेल्या. "दादा, फूल तुम्ही म्हणता तसं निघालं तर ही नवी जात. आणि नाव तुमचंच लावणार, मी आत्ताच सांगून ठेवते."

"माझं कशाला? त्या बिचाऱ्या रोपाने काय पाप केलंय?" दादा म्हणाले. पण त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले, असं वहिनींनी सांगितलं. आता ते एवढ्यासाठीच थांबले होते. डॉक्टरही थोडं तसंच बोलले.

झाडं दाबून वाळवायच्या दाबपेटीतून ते रोप डिंकोबाच्या टेबलावर आलं. एरवी या कुळातलं झाड आणलं की दादा एक डहाळी खुडून, उलटी करून, वेगळ्या कागदात चिठ्ठीसह ठेवत, म्हणजे फुलं वर दिसावीत. ते डिंकोबाला ठाऊक होतं. पण यावेळी रोप एकच, खुडायचा दादांना धीर झाला नाही. त्यांनी रोपावरचीच एक डहाळी पिरगळून पालथी केली आणि तशीच दाबली. चिठ्ठी लिहायची राहून गेली.

डिंकोबाने पाहिलं, एक डहाळी मुरगळलेली. त्याला वाटलं, आणताना पिळवटली असणार. आजारी माणसाचा हात. त्याला दादांची दया आली. ओल्या कापसाने त्याने ती डहाळी मऊ केली, पाऊण तास बसून एकेक पान उलगडलं, आणि सगळं रोप कसं एकसारखं, सुलटं, देखणं करून डिंकावर टेकवलं. इतका सुरेख कागद आपण वर्षात केला नाही, असं त्याला वाटलं.

दोन दिवसांनी मॅडम भिंग घेऊन बसल्या.

"डिंकोबा, फुलं कुठायत?"

"असतील की, पानाखाली," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला ती मुरगळलेली डहाळी आठवली.

सुटे तुकडे ठेवायच्या पाकिटात सात पानं होती, फूल एकही नाही. फुलं होती ती सगळी कागद आणि पान यांच्यामध्ये, डिंकात. त्याने कागद वाफेवर धरला. ओला टीपकागद ठेवून तीन दिवस वाट पाहिली. या कुळाची पानं वाळली की तशीही देठाला राहत नाहीत. पात्याने टोकरायला गेला की पान सुटून यायचं आणि फूल कागदावर ओल्या राखेसारखं पसरायचं. अठरा फुलं होती. चौदाव्यानंतर मॅडमनीच त्याचा हात धरला. "राहू द्या. आता निदान रोप तरी राहू द्या."

डिंकोबा रजा टाकून बसने उतारावर गेला. उतार नव्हता. सपाट जागा होती, एक पत्र्याची टपरी, आणि खड्ड्यात हिरवट पाणी. राखणदार जवळ आला.

"काय हरवलं, काका?"

"रोप."

"केवढं?"

डिंकोबाने अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली.

राखणदार हसला. "इथं अख्खा डोंगर हरवलाय, आणि तुम्ही वीतभर रोप शोधताय!" मग त्यालाच काय वाटलं कोण जाणे, तोही वाकून शोधू लागला. दोघांनी रस्त्याच्या कडेची मिळतील तेवढी रोपं पालथी करून पाहिली. भुईआवळा भरपूर होता, पण सगळा नेहमीचा. राखणदार दर वेळी विचारायचा, "हे चालेल?" त्याला ते सगळे सारखेच दिसत होते.

दादांच्या घरी दार वहिनींनी उघडलं. "भाऊजी, सकाळपासून चार वेळा विचारलंय त्यांनी. काय सांगायचं ते तुम्हीच सांगा बाई, माझ्याने खोटं बोलवत नाही."

दादा उशांना टेकून बसले होते. "काय डिंक्या, झाला का कागद?"

डिंकोबाने सगळं सांगितलं. मधे काही झाकलं नाही, तसं झाकण्यासारखं उरलंच नव्हतं.

दादांनी विचारलं, "डहाळी सरळ केलीस?"

"हो."

"ओल्या कापसाने?"

"हो दादा."

"मग चांगलं दिसत असेल."

"चांगलं दिसतंय," डिंकोबा म्हणाला.

"चिठ्ठी माझीच राहिली रे," दादा म्हणाले. "पण तूही शहाणा, एकदा विचारायचंस. चालत दहा मिनिटांवर मी पडलोय." एवढं बोलायलाच त्यांना दोनदा थांबावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम वही घेऊन आल्या. दादांनी डोळे मिटून ते फूल सांगितलं. दात किती, कड कुठे जाड, तांबडा रंग देठाकडे कसा फिकट होतो, सगळं, समोर धरून बघावं तसं. मॅडमनी शब्दन् शब्द उतरवून घेतला. मग वही मिटून मांडीवर ठेवली.

"दादा, माझा विश्वास आहे. पण माझ्या विश्वासाने भागत नाही हो. उद्या कुणी बघायला मागितलं तर त्याच्यापुढे फूल ठेवावं लागतं. सांगितलेलं फूल कपाटात ठेवता येत नाही."

"मी पाहिलंय, मॅडम."

"ठाऊक आहे मला."

"मग निम्मी कपाटं कुणाच्या पाहण्यावर भरली तुम्ही?"

मॅडम चहा न घेता उठल्या. जाताना जिन्यात त्यांनी डिंकोबाला म्हटलं, "माझ्या हातात असतं तर..." आणि पुढचं वाक्य सोडून दिलं.

तो कागद नेहमीच्या भुईआवळ्याच्या गठ्ठ्यात गेला. खाली मॅडमच्या अक्षरात चिठ्ठी लागली: फूल तपासता आले नाही. डिंकोबा रोज काम सुटल्यावर दादांकडे जाऊन बसायचा. पाय चेपायचा, पाणी द्यायचा. त्या रोपाचा विषय दादांनी पुन्हा काढला नाही. डिंकोबाला वाटायचं, एकदा काढावा, चार शिव्या घालाव्यात, म्हणजे तरी आपलं काही फिटल्यासारखं होईल. दादा फक्त जुळ्यांची चौकशी करायचे, दात आले का, कुणाला आधी आले.

त्याच वर्षी, अठ्ठावीस नोव्हेंबरला दुपारी पावणेतीन वाजता दादा वारले. वय एकाहत्तर.