अजमानमध्ये घर गरम ठेवण्याची सोय

१९९९च्या जुलै महिन्यात, सावलीतसुद्धा पारा सेहेचाळीसवर गेलेला असताना, उल्हासला एकच काळजी खात होती : आपलं घर गरम कसं ठेवायचं?

त्याचं डोकं ठिकाणावर होतं. फॉर्मचं नव्हतं.

हमरिया फ्री झोनमधल्या पंपांच्या एका कंपनीत तो स्टोअरकीपर होता. कंपनी फिनलंडची. आपल्या माणसांना थंडी वाजू नये याची तिला इतकी काळजी, की रुजू झाल्या दिवशी प्रत्येकाला लोकरी मोज्यांचा जोड मिळे. उल्हास ते मोजे हातात घालून दुपारी गोदामाचं लोखंडी दार उघडायचा. त्याशिवाय ते उघडताच येत नसे.

बायकोला आणायचं तर कंपनीची फॅमिली मंजुरी हवी, आणि मंजुरीसाठी चौतीस प्रश्नांचा फॉर्म. तेहेतीस प्रश्न सरळ होते. चौदावा असा : ‘घर गरम ठेवण्यासाठी कोणती व्यवस्था निवडली आहे? ती स्वस्त व पर्यावरणाला अपाय न करणारी असावी.’ अशी व्यवस्था नसलेलं घर हेड ऑफिसच्या लेखी माणसाने राहण्याजोगं नव्हतंच. ऑगस्टअखेर मंजुरी आली नाही, तर पुढचा विचार पुढच्या वर्षी.

अपर्णा चिपळूणला होती. लग्नाला अकरा महिने झाले होते, त्यातले एकोणीस दिवस दोघं एकत्र होती, आणि त्यातलेही पाच पाया पडण्यात गेले होते.

“लागू नाही, असं लिहितो,” उल्हास म्हणाला.

“हबीबी, कॉम्प्युटर घेत नाही,” एचआरचा जमाल म्हणाला. तो कैरोचा होता आणि नियमांवर त्याचा देवासारखा विश्वास होता. “काहीतरी गरम लिही.”

उल्हासने ‘सूर्य’ असं लिहिलं. दहा दिवसांनी फॅक्स परत : ‘मॉडेल नंबर कळवावा.’

मग तो शारजाला इद्रीसभाईच्या दुकानात गेला आणि हीटर मागितला. इद्रीसभाईने आधी त्याला खुर्ची दिली, मग पाणी दिलं, मग हळूच विचारलं, “भाईसाब, धूप में कितनी देर खड़े थे?” तरीही माळ्यावर एक विजेचा हीटर निघालाच, १९९४ पासून धूळ खात पडलेला. साडेचारशे दिरहम.

“म्हणजे सवापाच हजार रुपये!” उल्हास मोठ्याने म्हणाला. हा हीटर ना स्वस्त होता, ना पर्यावरणाचा मित्र. तो तसाच परत निघाला.

दर शुक्रवारी अपर्णाला फोन. कार्ड भराभर संपायचं, त्यामुळे बोलणं तारेसारखं. “हीटिंगचं अडलंय. हीटिंग झालं की लगेच ये.” पलीकडून “बरं” यायचं आणि कार्ड संपायचं.

उत्तर सापडलं ते भिकाजीमुळे. भिकाजी गुहागरकडचा, त्याच कंपनीत प्लंबर, अजमानच्या खोलीतला उल्हासचा जोडीदार. अपर्णा आली की त्याला खोली सोडून चुलतभावाकडे जायचं होतं, तरी मंजुरीसाठी तो उल्हासपेक्षा जास्त धडपडत होता. त्या दिवशी बाथरूममधून त्याची किंकाळी आली.

“मेलो, मेलो! निळा सोडला रे मी, निळा!”

झालं होतं असं, की डोक्याला साबण, डोळे मिटलेले, आणि भिकाजीने चुकून गार पाण्याचा निळा नळ सोडला होता. आखातात राहणारं पोरही उन्हाळ्यात ही चूक करत नाही. निळ्या नळाला पाणी येतं गच्चीवरच्या टाकीतून, आणि ती टाकी दिवसभर उन्हात उकळत असते. अंघोळ करायची ती लाल नळाने. मेपासून गीझर बंद ठेवायचा, म्हणजे त्यातलं पाणी घराच्या सावलीत निवतं. उन्हाळ्यात लाल ते गार, निळं ते गरम.

भिकाजी टॉवेल गुंडाळून, लालेलाल पाठ घेऊन बाहेर आला. उल्हास त्याच्याकडे बघतच राहिला.

“भिकाजी, या गरम पाण्याला वीज किती लागते?”

“डोंबलाची वीज! वर टाकी हाय, वर देव हाय.”

चौदाव्या प्रश्नापुढे उल्हासने लिहिलं : ‘छतावरील सौर साठवण. इंधन शून्य, धूर शून्य, हलणारे भाग शून्य. मॉडेल : अजमान-१.’

हेड ऑफिसमध्ये म्हणे फॉर्म हातोहात फिरला. तपासणीला ऑगस्टमध्ये फिनलंडहून एक साहेब आला. सूट घातलेला, आणि जिना चढेपर्यंत त्या सुटात पोहून निघालेला. आधी गच्चीवर गेला. बुटाचा तळवा गच्चीला चिकटला तेव्हा त्याने वहीत ‘उत्तम’ असं लिहिलं. मग निळा नळ सोडला, हात पाण्याखाली धरला, ओरडला, आणि हात फुंकत फुंकत ‘अत्युत्तम’ लिहिलं. मग लाल नळ सोडला. गार पाणी. साहेबाच्या कपाळाला आठी पडली.

भिकाजी पुढे झाला.

“सर, रेड मीन्स डेंजर. कोल्ड वॉटर, डेंजर. सर्दी.”

जिथे गार पाण्याने खरंच माणूस मरू शकतो, त्या देशातला साहेब. त्याला हे एकदम पटलं. आमच्याकडे इतकी वर्षं उलटे रंग लावले जातायत, असंही तो पुटपुटला. मग त्याचं लक्ष खिडकीत घरघरणाऱ्या एसीकडे गेलं.

“सर, हीटिंग फुल स्पीड,” भिकाजी गंभीरपणे म्हणाला. “दॅट इज ब्रेक.”

साहेबाने ‘ब्रेकची सोय आहे’ अशी नोंद केली आणि शेवटचा प्रश्न विचारला : ही यंत्रणा पूर्ण बंद कधी होते?

“डिसेंबरमध्ये,” उल्हास म्हणाला. आख्ख्या तपासणीतलं ते एकमेव खरं उत्तर, आणि साहेब नेमका त्यालाच विनोद समजून हसला.

मंजुरी एकोणतीस ऑगस्टला आली. भिकाजीने वळकटी उचलली, जाताना लाल नळाला गार आणि निळ्याला गरम अशा चिठ्ठ्या चिकटवल्या आणि म्हणाला, “वहिनी भाजायला नकोत.”

सप्टेंबरात शारजा विमानतळाच्या दारातून अपर्णा बाहेर आली. अंगात स्वेटर, डोक्याला स्कार्फ, हातात मोठं गाठोडं. उल्हासने गाठोडं घेतलं आणि त्याचा खांदा खचला.

“यात काय आहे?”

“गोधडी. आईच्या सात जुन्या लुगड्यांची. आणखी दोन स्वेटर आहेत बॅगेत.”

“अगं, हे वाळवंट आहे!”

“आख्खं चिपळूण मला तेच सांगत होतं,” अपर्णा घाम पुसत म्हणाली. “पण तुम्ही दर शुक्रवारी फोनवर हीटिंग, हीटिंग. तेरा महिन्यांत पहिल्यांदाच तुमचं ऐकावं म्हटलं. आता जन्मात ऐकणार नाही.”

खोलीवर येताच तिने स्वेटर भिरकावला आणि ब्रेक पूर्ण दाबला. एसी सोळावर गेला. अर्ध्या तासाने तिचे दात वाजू लागले, पण एसी कमी करायला ती तयार नव्हती. तेरा महिने वाट पाहून आलेय, आता गारवा पुरेपूर वसूल करणार, असं तिचं म्हणणं. मग भर दुपारी, बाहेर चव्वेचाळीस डिग्री असताना, दोघं एकाच गोधडीत शिरली. पायांत कंपनीचे मोजे, जोड एकच, म्हणून प्रत्येकी एक.

वर्षभराने मंजुरीच्या नूतनीकरणाचा फॉर्म आला. चौदाव्या प्रश्नापुढे उल्हासने या वेळी खरं तेच लिहिलं : ‘गोधडी. जुन्या लुगड्यांची, फुकट, धूर नाही.’

दहा दिवसांनी फॅक्स : ‘क्षमता किती व्यक्तींची, ते कळवावे.’

“दोन लिहितो,” उल्हास म्हणाला.

अपर्णा एसीसमोर पाय पसरून आंबट कैरी खात होती. “तीन लिहा,” ती म्हणाली.