उतरलेला आवाज

चष्मेवाल्या नवऱ्याने मोबाइलवरचं गाणं मधूनच लावलं, दोन ओळी वाजू दिल्या आणि बंद केलं.

"काय आहे हे?"

बायकोने डोळे मिटूनच काळ सांगितला, प्रकार सांगितला, गायकही सांगितला. तिच्या एम.ए. संगीताच्या तोंडी परीक्षेत असंच विचारणार होते. परीक्षक कुठलाही तुकडा ऐकवतात आणि समोरच्याने त्याची चिरफाड करायची.

"बरोबर."

तिला ना आनंद झाला, ना हायसं वाटलं. गेले कित्येक महिने असंच चाललं होतं. एरवी भांडी घासतानाही गुणगुणणारी ही बाई आता गाणं ऐकायची ते डॉक्टरने एक्स-रे बघावा तसं. पास ती होणारच होती. पण परीक्षेनंतर आपल्याला आपली बायको परत मिळेल की नाही, या काळजीने चष्मेवाल्याचा जीव टांगणीला लागला होता.

म्हणून आज त्याने आगाऊपणा केला. ज्या हौशी गायनवृंदात दोघांची ओळख झाली, त्याचं जुनं रेकॉर्डिंग मध्येच घुसडलं. निदान हसेल तरी, असं त्याला वाटलं.

ती हसली नाही.

"हौशी मंडळी आहेत, सात-आठ जण. हॉल लहान." तिने मान कलती केली. "पुरुषांतला एक आवाज सतत सुराच्या खाली उतरलेला आहे. त्याला घ्यायलाच नको होतं."

चष्मेवाल्याचा चेहरा पडला. आपल्या आवाजावर भाळूनच ही आपल्याला हो म्हणाली, अशी त्याची इतकी वर्षं समजूत होती. त्याने मोबाइल उचलला.

"थांब, वाजू दे. शेवटच्या ओळीला बायकांतली एकजणही उतरलीय."

"म्हणजे दोघंही कच्चे."

"छे! तिचे कान पक्के आहेत. तोवर एकही सूर चुकलेला नाही तिचा. मुद्दाम उतरलीय." तिचा आवाज परीक्षकांना उत्तर द्यावं तसा सपाट होता. "तो एकटा पडू नये म्हणून."

त्या गायनवृंदात आपल्या शेजारी कोण उभं राहायचं, हे चष्मेवाला विसरणं शक्य नव्हतं.

"ओळखलंस तिला?" त्याने हळूच विचारलं.

बायकोने डोळे उघडले. तिने त्याच्याकडे पाहिलं.

"परत लाव," ती म्हणाली. "आणि आता काही विचारू नकोस."