एकांतार्थ

महादेवराव बोलायचे चारचौघांसारखं, पण हातात टाक आला की त्यांच्या अंगात पंडित संचारायचा. वर्ध्याच्या टपाल कचेरीत सतरा वर्षं लोकांची पत्रं लावता लावता माणसाचं असं होत असावं. पंचावन्न सालच्या कार्तिकात त्यांनी गरमसूरच्या डोंगरातली, एका जंगल-ठेकेदाराची रिकामी बंगली आठ दिवसांसाठी भाड्यानं घेतली आणि तिथल्या राखणदाराला कार्ड धाडलं. ‘आम्ही उभयता एकांतार्थ येत आहोत. तरी तदनुसार व्यवस्था असावी.’ नुसतं ‘निवांत राहायला येतो’ असं लिहिलं असतं तर काही बिघडत होतं का? पण नाही.

राखणदार हरिदास चार बुकं शिकलेला होता आणि त्या चारही बुकांत एकांतार्थ हा शब्द कुठं नव्हता. एकांतरा मात्र त्याच्या चांगल्या ओळखीचा. पावसाळा सरला की डोंगरात घरटी एकाला तरी हा दिवसाआडचा ताप धरायचाच. त्यानं कार्ड उजेडात नेऊन दोनदा वाचलं आणि बायकोला हाक मारली.

“ताना, पाहुण्याइले एकांतरा हाय. दोघाइलेबी. हवा बदलाले येऊन राह्यले.”

“अरे माय!” म्हणत तानाबाई विळा घेऊन गुळवेल तोडायला निघाली.

कारंज्यापासून बैलबंडीत बसलेल्या कोकिळेला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिचं सगळं लक्ष पोलक्यात घडी करून ठेवलेल्या पत्राकडे होतं. अमरावतीला मास्तरीण होण्याच्या वर्षभराच्या शिक्षणासाठी तिची निवड झाली होती. लग्नाआधी ती सातवी पास झालेली. शेजारच्या मीराबाई मास्तरणीनं गुपचूप अर्ज भरून दिला आणि उत्तरही मीराबाईच्याच पत्त्यावर आलं. होकार येत्या शनिवारी टपालात पडला नाही तर जागा दुसरीला जाणार होती. आणि नवऱ्याला अजून पत्ता नव्हता.

महादेवराव रागीट असते तर गोष्ट सोपी होती. रागीट नवऱ्याशी निदान भांडता येतं. हे पडले गरीब गाय. काहीही विचारा, उत्तर एकच, “पाहू, मायले विचारतो.” आणि त्यांच्या मायचं, अन्नपूर्णाबाईंचं उत्तर काय येणार हे कोकिळेला न विचारताच माहीत होतं. दोन खोल्यांत नऊ माणसं. नवऱ्याशी चार शब्द बोलायचे म्हटले तर तिसऱ्या शब्दाला कुणीतरी आत येऊन डबा शोधायचं. तिला फक्त तासभर हवा होता. त्या तासात नवऱ्यानं स्वतःच्या तोंडानं हो म्हणावं, नाहीतर नाही म्हणावं, पण ते त्याचं असावं. म्हणून जन्मात कधी पुलगावच्या पुढं न गेलेला हा माणूस एके दिवशी आपणहून “हवापालटाले जाऊ” म्हणाला, तेव्हा तिनं कारण विचारलं नाही. दहा वर्षांच्या नलूला आजीजवळ ठेवलं आणि ट्रंक भरली.

बंगली म्हणजे कुडाच्या दोन खोल्या, वर कवेलूचं छप्पर, पुढं पडवी. खाली सागाचं रान दरीपर्यंत उतरलेलं, मागं सीताफळीची दाटी, वारा असा की छातीत मावत नव्हता. हरिदासचं गाव अर्धा कोस खाली होतं. कोकिळेला वाटलं, आता बोललेच. तिनं पदर सावरला, उंबरा ओलांडला, तर आत गावातली अकरा माणसं मांडी घालून बसलेली.

“या, बसा,” तानाबाई म्हणाली आणि महादेवरावांना विचारलं, “तुमचा दिवस आज का उद्या?”

महादेवरावांना कळलं नाही, पण कळलं नाही असं कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते म्हणाले, “आज.” मग तिनं चुलीजवळ कोकिळेला तेच विचारलं. कोकिळेला वाटलं, स्वयंपाकाचं विचारून राह्यली. ती प्रवासानं दमलेली, म्हणाली, “उद्या.” झालं! एकाचा ताप आज, दुसरीचा उद्या. आठवड्यातला एकही दिवस मोकळा उरला नाही.

कारण तानाबाईची पक्की खात्री होती की एकांतरा फक्त एकट्या माणसाला गाठतो. चार माणसं भोवती बसून बोलत राहिली की त्याला आपलं माणूस सापडत नाही, वेळ चुकते आणि तो आल्या वाटेनं परत जातो. म्हणून पाळ्या लागल्या. पुरुष महादेवरावांभोवती, बाया कोकिळेभोवती. म्हशीनं वाघाला कसं पळवलं ही हकिगत कोकिळेनं पाच तोंडांतून ऐकली आणि दर वेळी वाघ हातभर वाढलेला होता. मधूनमधून गुळवेल आणि काडेचिराईताचा काढा यायचा. तो इतका कडू की महादेवरावांना पहिला घोट घेतल्यावर आपलं पूर्ण नाव आठवेना. तरी ते पीत राहिले. पाहुण्यानं नाही कसं म्हणायचं?

मंगळवारी सीताफळं तोडताना कोकिळेला राहवलं नाही. “तानाबाई, तुमी साऱ्याच पाहुण्याइले असा कडू काढा पाजता का वो?”

“मंग एकांतऱ्याले काय पेढे देऊ, बाई?” म्हणत तानाबाईनं कनवटीचं कार्ड काढून दाखवलं.

कोकिळेनं ते वाचलं आणि सीताफळीच्या बुंध्याला टेकून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग तिला शनिवार आठवला. मंगळवार संपत आला होता.

कार्डाचा घोटाळा कळल्यावर महादेवरावांना काढ्यापेक्षा आपल्या अक्षराचं जास्त लागलं. त्यांनी हरिदासला समोर बसवून समजावलं, “एकांतरा नाई हो, एकांत! म्हंजे आमी दोघंच. आजूबाजूले कोणी नाई.”

“कोणीच नाई?”

“कोणीच नाई.”

“काऊन?” हरिदासचा चेहरा पडला. “वर्ध्यात भांडणगिंडण झालं का कोणासंगं?”

तानाबाईनं पुढं होऊन पाहुण्याच्या कपाळाला हात लावला. “डोक्यात चढला वो ताप,” ती हळूच म्हणाली. त्या संध्याकाळपासून अकराची सोळा माणसं झाली.

बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवार उजाडला तेव्हा कोकिळा हिशेब करत बसली. उद्या सकाळी बंडी जुंपायची, दुपारी कारंज्याला मोटर, संध्याकाळी घर आणि घरात नऊ जण. आज नाही बोलले तर संपलं. सोळा माणसांसमोर बोलून टाकावं का, असंही तिच्या मनात आलं. पण सोळा माणसांसमोर हा माणूस काय म्हणणार? पाहू.

तानाबाईलाही आजचीच घाई होती. पाहुणे बरे न होता परत गेले तर डोंगराची अब्रू ती काय राहिली? तिनं पडवीत मोठं मडकं आणवलं. निंबाचा आणि निरगुडीचा पाला घालून उकळी फुटलेलं पाणी त्यात ओतलं, दोन पाट समोरासमोर मांडले आणि जाडजूड घोंगडी हातात घेतली.

“बसा दोघंबी. आता वाफारा. घाम फुटल्याबिगर उठाचं नाई.”

“दोघं एकाच घोंगडीत?” महादेवराव लाजले.

“मडकं एकच हाय नं, बापू!”

घोंगडी पडली आणि काळोख झाला. बाहेर सोळा जणांनी टाळ आणि ढोलकी काढून भजन सुरू केलं, तापाला आपल्या माणसाचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून. आत वाफ, निरगुडीचा उग्र वास, गुडघ्याला गुडघे टेकलेले. एकदम कोकिळेच्या ध्यानात आलं की इथं कोणी नाही. तिचं काळीज ढोलकीपेक्षा जोरात वाजायला लागलं.

“ऐकता का?”

“हं.”

“मले अमरावतीचं बोलावणं आलं हाय. मास्तरणीचं शिक्षण, एक वर्ष. उद्या होकार धाडा लागते.” एका दमात तिनं सांगून टाकलं.

भजनाचं एक कडवं संपलं. ती त्या ‘पाहू’ची वाट पाहत होती.

“निळं पाकीट,” ते म्हणाले. “चार तारखेले आलं. द्वारा मीराबाई.”

“तुमाले कसं मालूम?”

“मीच लावलं नं ते. सतरा वर्षांत लाखभर नावं वाचली असतीन. तुह्यं नाव पयल्यांदा वाचलं. हात थांबला माहा. वरतं शाळेचा शिक्का होता.”

“मंग बोलले काऊन नाई?”

“टपालातलं बाहेर बोलाचं नसते,” महादेवराव इतक्या गंभीरपणे म्हणाले की तिला हसावं की रडावं कळेना. “वाटलं, तू सांगशीन. तू तोंड उघडलं का कोणी ना कोणी डबा शोधाले येऊन राह्यलं. म्हणून तं इकडं घेऊन आलो तुले. लिवलं होतं नं, एकांतार्थ.”

“लय चांगलं लिवलं!” तिला हसू फुटलं. हसता हसताच ते ओसरलं. “आता? पाहू म्हणान?”

“पाहून झालं माह्यं. एकवीस दिवस पाहूनच राह्यलो.”

“आन् मायले?”

वाफेत त्यांचा चेहरा दिसत नव्हता. “मायले विचारणार नाई. सांगीन.”

कोकिळेला रडू कोसळलं. बारा वर्षांच्या संसाराचं होतं. चांगलं वाहू दिलं तिनं.

“फकस्त एक हाय,” थोड्या वेळानं ते चाचरत म्हणाले. “नलूच्या वेण्या घालता येत नाईत मले. वर्षभर कोण घालीन?”

कोकिळेनं डोळे पुसले, पाटावरच फिरून त्यांच्याकडं पाठ केली आणि आंबाडा सोडला. “तीन पेड करा. ओढू नका.”

“घाम आला का वो?” बाहेरून तानाबाईनं विचारलं.

“आला!”

“मंग काढू का घोंगडी?”

“नाई!” दोघंही एकदमच ओरडले. मग महादेवराव जरा सावरून म्हणाले, “आणखी एक मडकं होऊ द्या, बाई. ताप जुना हाय.”

तानाबाई हरखली. उतार पडला, उतार पडला, असं सगळ्यांना सांगत ती चुलीकडं पळाली. भजनाला जोर चढला. आत महादेवरावांनी दोन पेड दातओठ खाऊन धरून ठेवले होते आणि ते तिसरा शोधत होते.