हवेतला भाता

मी पेटी बोलतेय. अमरावतीत अंबागेटाच्या आतल्या एका माडीवर, खिडकीखाली सतरंजीवर बसलेली असते. गाणाऱ्याच्या घरात पेटीलाच बोलायची वेळ यावी, यातच काय ते समजा.

माझा जन्म अकोल्याचा. नत्थुजी मिस्त्रींनी मला मेळघाटच्या सागाचं अंग दिलं. सूर, म्हणजे पोटातल्या पितळी पट्ट्या, मात्र परदेशातून जहाजानं आल्या. पहिला आवाज निघाला तसे नत्थुजी म्हणाले, "पोरगी गोड हाये, पण हट्टी हाये." हट्टी मी अजूनही आहे.

भातकुलीचा पुंजाराम दुकानात आला तेव्हा त्याच्या धोतराला काळी माती लागलेली होती. चकचकीत पेट्या सोडून त्यानं माझ्यापुढे मांडी घातली आणि गायला लागला. माझं सासर तिथंच ठरलं.

मग आमचे दिवस आले. लग्नाच्या मांडवात गायलो, गणपतीत गायलो. मुंबईला जाऊन तबकडी निघाली आणि पानठेल्यावर, हॉटेलात, जिथं फोनो तिथं पुंजाराम ऐकू यायला लागला. शहाणी माणसं हलकी गाणी म्हणून नाकं मुरडत आणि रस्त्यानं तीच गुणगुणत जात. गाणं संपलं की तो कितीही दमलेला असो, आधी माझा भाता मिटून कडी लावायचा, मगच पाणी प्यायचा. दुसऱ्या कोणी भाता उघडा टाकला तर त्याचं काही खरं नसे. "उंदीर शिरते त्यात," तो म्हणायचा. "गाणाऱ्यानं घर उघडं टाकलं त चालते, पेटी नाई."

एक दिवस कोल्हापूरच्या बोलपटवाल्यांचं बोलावणं आलं. काम इवलंसं होतं, स्टेशनवर मुलाची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्याचं. गाणं नाही, बोलणंसुद्धा नाही.

"पेटी नेता ना?" वच्छलाबाईंनी, त्याच्या बायकोनं, विचारलं.

"तिचं काय काम तिथं? येतोच मी वापस."

बडनेऱ्याला गाडी धरायला टांगा निघाला. माझ्यावाचून तो गावाबाहेर पहिल्यांदाच गेला. मला फार लागलं ते.

बोलपट अमरावतीला आला. वच्छलाबाई शेजारच्या पार्बताबाईंबरोबर पाहून आल्या. पार्बताबाईंचा पदर अजून ओला होता. "काय काम केलं वो पुंजारामजीनं. गाडी निंगून जाते, पोरगा येत नाई, अन् बाकावर त्याह्यचा डावा हात नुसता उघडते, मिटते, उघडते, मिटते. मले त रडू आवरेना."

वच्छलाबाई माझ्याजवळ येऊन टेकल्या. "तो हात भाता मारून राह्यला व्हता, पार्बताबाई," त्या म्हणाल्या. "पेटी जवळ नोती ना."

वर्तमानपत्रांनी त्या हाताचं केवढं कौतुक केलं. गवयात मोठा नट लपला होता म्हणे. मग कामांमागून कामं आली, सगळी मुक्या म्हाताऱ्यांची. आणि त्याची तर अजून पन्नाशीही यायची होती. मी आनंद मानून पाहिला. जमला नाही. ज्या हातावर माझा हक्क, त्याची वाहवा माझ्यावाचून व्हावी, हे कोणत्या पेटीला सोसेल?

परवा तो घरी आला. माडी भरून गेली. नाकं मुरडणारे वकील आले, मास्तर आले. आता कोणीतरी गाणं मागेल म्हणून मी कानांत प्राण आणून बसले होते. सगळे म्हणाले, "तो हात एकदा करून दाखवा." त्यानं दाखवला. माझ्यापासून वीतभर अंतरावर, हवेत. टाळ्या पडल्या.

"अवो," वच्छलाबाई दारातून म्हणाल्या, "पेटी बाजूलेच हाये. हवेत काऊन हात हालवता?"

त्यानं कडी काढली, भाता उघडला, स्वर धरला आणि गायला तोंड उघडलं. आवाज फुटेचना. माझा स्वर एकटाच वाजत राहिला. तेवढ्यात खालून टांगेवाल्यानं गाडीची वेळ झाली म्हणून हाक मारली. तो उठला आणि कोणाकडे न बघता जिना उतरून गेला.

भाता तसाच उघडा राहिला. सगळे गेल्यावर वच्छलाबाई कडी लावायला आल्या. कडीवर बोट ठेवलं आणि काढून घेतलं. "राहू दे," त्या म्हणाल्या. "पेटी अशी टाकून ते कधीच जात नाईत. आठोन आली म्हंजे येतीन."

उंदरांची मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू. खिडकीतून वारा येतो, भात्याशी घुटमळतो, पण त्यानं का कुठे सूर निघतो? तुम्हांला तो कधी बडनेऱ्याच्या फलाटावर दिसलाच, तर कौतुक मागाहून करा. आधी एवढंच सांगा, की कडी लावायची राहिली आहे.