ओठांचा चंबू

तार्तू शहरातल्या आमच्या हौशी नाटकमंडळीत सारेमा बेटावरची मी एकटीच. त्यामुळे रैटनं बेटावरच्या एका विधवेचं नाटक बसवायला घेतलं, तेव्हा ते काम मलाच मिळणार असं मी धरून चालले होते. मिळालं हेल्वेला. मला प्रॉम्प्टिंग.

"माल्ले, तुझा आवाज तिसऱ्या रांगेपुढे जात नाही गं," रैट म्हणाला. "हेल्वेला तुमचा तो स्वर तेवढा शिकव."

आमच्या एस्टोनियन भाषेत एक स्वर आहे. उ म्हणायला जायचं, पण ओठ गोल करायचे नाहीत. बेटावरच्या लोकांना तो जमत नाही. आम्ही त्याच्या जागी ए म्हणतो, तोही ओठांचा चंबू करून. यावरून पंधरा वर्षं शहरात माझी चेष्टा झाली होती. आता तोच चंबू करून हेल्वे टाळ्या घेणार होती.

मी तिला शिकवलं. चुकीचं.

"ओठ गोल झाले. आता जीभ वर चढव, ई म्हणताना चढते तशी."

"अशी?"

"अगदी अशीच."

तो भलताच स्वर झाला. रैटला काय कळतंय! "अस्सल बेटावरची वाटतेस," असं तो तिला म्हणाला. हेल्वेनं तर माझ्यासाठी घरून केक करून आणला.

मे महिन्यात कुरेसारेला, आमच्याच बेटावर प्रयोग झाला. विधवा बुडालेल्या बहिणीसाठी रडायला लागली, तोंडून तो भलताच स्वर निघाला आणि सभागृह हसलं. पुन्हा रडली, पुन्हा हसलं. मी विंगेत संहिता धरून उभी होते. मला हेच हवं होतं, तरी मान वर होईना.

मध्यंतरात हेल्वे समोर आली. "मुद्दाम केलंस?"

"हो."

"का?"

"ते काम माझं होतं."

मी तिचे गाल दोन बोटांत धरले. "जीभ खाली. नुसतं ए म्हण. ओठ असेच राहू देत."

चौथ्या खेपेला माझ्या आईचा आवाज तिच्या तोंडून निघाला.

दुसऱ्या अंकात कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. शेवटी पडलेल्या टाळ्यांनी मला आनंद झाला असं म्हटलं, तर ते खोटं होईल. हेल्वेनं रैटला काही सांगितलं नाही. परतीच्या बोटीवर मात्र ती माझ्यापासून लांब, दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.