रक्तपेढीतला क्लास

मी एक जुना क्लास आहे. पुण्यात क्लास म्हटलं की शिकवणी आठवते. पण मित्रांनो, मी तो नव्हे. मी संगणकाच्या प्रोग्रॅममधला क्लास, म्हणजे एक साचा. मोदकाच्या साच्यातून मोदक निघावेत, तशा माझ्यातून रक्ताच्या पिशव्यांच्या नोंदी निघतात. प्रत्येक नोंदीत पिशवीचा क्रमांक, रक्तगट आणि मुदतीची तारीख असते. ‘ही पिशवी देता येईल का?’ असं विचारलं, की ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगणं हेही माझंच काम.

तनयानं मला घडवलं. तिची ती पहिलीच नोकरी. ती मन लावून माझ्या चाचण्या घ्यायची. उद्या मुदत संपणारी पिशवी दिली, मी ‘हो’ म्हणालो. कालच संपलेली दिली, ‘नाही’ म्हणालो. उत्तर बरोबर आलं की पडद्यावर हिरवी खूण, चुकलं की लाल.

एकदा तिनं आपल्या वरिष्ठांना विचारलं, “सर, तारीखच भरलेली नसली तर?”

यज्ञेश्वर सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “दुधाच्या पिशवीवरसुद्धा तारीख असते, तनया. रक्ताच्या पिशवीवर नसेल होय?”

ती हसली आणि ती चाचणी राहून गेली. मुदत उलटली आहे का, एवढंच मी पाहत असे. तारीखच नसेल, तर उलटणार काय?

रक्तपेढीत माझ्या कामाचा पहिला दिवस उजाडला. तनया आणि सर तिथं हजर होते. दुपारी एका रुग्णालयातून फोन आला. लोणी काळभोरजवळ अपघात झाला होता, एका बाईंना शस्त्रक्रियेसाठी आत घेतलं होतं. ओ निगेटिव्ह रक्त ताबडतोब हवं होतं. पेढीच्या प्रमुख शालनताईंनी मला विचारलं. त्या गटाची एकच पिशवी होती. मी म्हणालो, ‘हो’.

“शौनक, काढ ती पिशवी,” त्या आपल्या तंत्रज्ञाला म्हणाल्या.

मागं उभ्या असलेल्या तनयाची नजर पडद्यावर खिळली. तारखेचा रकाना रिकामा होता.

“मॅडम, थांबा. हिची तारीख दिसत नाहीये.”

“अहो, तुमचाच प्रोग्रॅम हो म्हणतोय ना?”

“म्हणतोय. पण त्याला कळत नाहीये.”

शौनकनं पिशवी फिरवून लेबल वाचलं. मुदत आदल्याच दिवशी संपली होती. शालनताईंनी ती पिशवी बाजूला ठेवायला सांगितली आणि फोन उचलला. एका पेढीनं नाही म्हटलं, दुसरीनंही. तिसरीकडे मिळाली. शौनक शीतपेटी घेऊन स्कूटरवर निघाला. मार्केट यार्डाजवळ ट्रकांची गर्दी होती, तो अडकला. रुग्णालयातून पुन्हा फोन आला, “निघालं का रक्त?”

“निघालंय,” शालनताई म्हणाल्या.

इकडे सर हळूच म्हणाले, “जुन्या संगणकावरून नोंदी आणताना तारखा गळल्या. तू विचारलं होतंस, मीच उडवून लावलं.” मग ते शालनताईंकडे वळले. “आमची दुरुस्ती होईपर्यंत प्रोग्रॅमवर विसंबू नका. प्रत्येक लेबल वाचूनच द्या.”

तनयानं आधी चाचणी लिहिली : तारखेविना नोंद होताच कामा नये. मी अजून जुनाच होतो, म्हणून खूण लाल उमटली. मग तिनं मला बदललं. तारीख नसेल तर नोंदच जन्मू द्यायची नाही, दारातच अडवायची. खूण हिरवी झाली. थोड्या वेळानं फोन आला. रक्त वेळेत पोचलं होतं, बाई धोक्याबाहेर होत्या.

पुढं बरीच वर्षं मी बिनबोभाट राबलो. कौतुक झालं, मग माझा विसर पडला. तनया दुसरीकडे गेली, तिच्या जागी आमोद नावाचा नवा मुलगा आला. एका रक्तदान शिबिरातल्या नोंदी तारखा नसल्यामुळे माझ्यापाशी अडकल्या, तेव्हा तो वैतागला. “फारच हेकट क्लास आहे हा,” म्हणत त्यानं माझी अट काढली. लगेच लाल खूण आली. ती चाचणीही पुसायला निघाला, पण आधी त्यानं तनयाला फोन केला.

“मॅडम, एवढी एक चाचणी काढली तर चालेल?”

“पेढीत जा,” ती म्हणाली. “ज्या पिशवीची तारीख तुझ्याकडे नाही, ती हातात घे. मग ठरव.”

तो गेला. परत आला तो लेबलांवरच्या तारखा टिपून घेऊनच. त्यानं माझी अट पुन्हा घातली आणि तो एकेक तारीख भरत बसला.

मित्रांनो, उद्या तुम्हीही आमच्यासारखे साचे घडवाल. आम्हाला पारखून घ्या, अडचणीचे प्रश्न आधीच विचारा. लाल खूण दिसली तर चिडून ती पुसू नका. तिच्या पलीकडे कुणीतरी शस्त्रक्रियेच्या टेबलावर डोळे मिटून पडलेलं असतं.